खाडा का पडला, हे विचारलंत का?

मैत्रिणींनो, कामवालीच्या खाड्यांचा हिशेब आपल्यापैकी बहुतेकींना तोंडपाठ असतो. महिन्यात दोन खाडे चालवून घेऊ, तिसऱ्याला पैसे कापू, पाचवा पडला की दुसरी बाई बघू! भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका बाजूला दुधाच्या खुणा आणि दुसऱ्या बाजूला बाईच्या खाड्यांच्या फुल्या. मीही असं कॅलेंडर वर्षानुवर्षं ठेवत आले. त्यातल्या एका महिन्याच्या फुल्या मात्र अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

आम्ही तेव्हा झरी जामणीला होतो. यवतमाळ जिल्ह्याच्या अगदी टोकाचा हा तालुका. पलीकडे पैनगंगा, आणि नदी ओलांडली की आताचं तेलंगण. ह्यांची बदली झाली म्हणून बिऱ्हाड तिकडे नेलं होतं. धुण्याभांड्याला एक तरुण बाई येई. दोन लेकरांची आई, कामाला चटपटीत, बोलायला गोड. तिसऱ्या महिन्यात तिचे खाडे सुरू झाले. एकदा तीन दिवसांनी आली, ती डोळ्याखाली काळंनिळं घेऊनच.

"काय गं, काय झालं?" हातातलं काम न थांबवता मी विचारलं.

"काही नाई काकू, आंगणात पाय घसरला."

मी "हं" म्हटलं आणि भांडी पुढे सरकवली. मला कळलं नव्हतं का? अहो, चांगलं कळलं होतं! पण खोदून विचारलं तर ती रडेल, मग आपल्याला काहीतरी करावं लागेल, या भीतीने मी विषय तिथेच सोडला. पुढच्या महिन्यात पाच फुल्या झाल्या आणि मी दुसरी बाई लावली. हिशेब घ्यायला आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "काकू, एक महिना थांबा ना." मी थांबले नाही.

नंतर शेजारणीकडून कळलं. माझ्या पगारातून चार पैसे बाजूला टाकून, लेकरांना घेऊन माहेरी जायचं तिने मनात ठरवलं होतं. त्यासाठी तिला तो एक महिना हवा होता. पुढे ती गेली की नाही, मला ठाऊक नाही.

मारणारा तिचा नवरा होता. पण तिच्या हातातली दोरी मी कापली. तुमच्या हातून तसं होऊ नये, म्हणून आज हा विषय तुमच्यापुढे मांडते आहे.

मालक म्हणजे आपणच

'मालक' म्हटलं की आपल्याला कारखानदार आठवतो, नाहीतर मोठ्या कचेरीतला साहेब. पण जिला दरमहा पगार मोजून देता, तिच्या तुम्ही मालकीणच की! झरीसारख्या ठिकाणी तर बघा. मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे, तहसील आहे, बँका-शाळा आहेत. पण तालुक्यातल्या बहुतेक बायांना काम मिळतं ते शेतात. दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला, की गोंड वस्त्यांतून, कोलामांच्या पोडांवरून बाया वेचणीला येतात. त्यांची हजेरी मांडणारी, कापूस तोलून घेणारी आणि मजुरी वाटणारी असते ती शेतमालकाची घरची बाई. किराणा दुकानात माल निवडायला बाई ठेवणारी दुकानदारीण, शाळेची मुख्याध्यापिका, शिलाईच्या कामावर दोघी-तिघींना घेणारी, दवाखान्यात मदतनीस ठेवणारी डॉक्टरीण, या साऱ्या मालकिणीच.

आणि ही गोष्ट दोन-चार घरांची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार विवाहित स्त्रियांपैकी सुमारे एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभरात अशी मारहाण वा जबरदस्ती सोसलेल्या शंभरजणींपैकी मदत मागितली ती फक्त १४ जणींनी. म्हणजे तुमच्याकडे चारजणी कामाला असतील, तर एकीच्या घरी हे चालू असण्याचा संभव आहे, आणि ती आपणहून सांगणार नाही.

शेजारीण विचारपूस करील, बहीण डोळे पुसेल. पण तिच्या मिळकतीची, वेळेची आणि रोज घराबाहेर पडण्याच्या वाटेची किल्ली तुमच्याजवळ असते. ती किल्ली कशी वापरायची, ते आता पाहू.

ओळखावं कसं?

अंगावरचे वळ दिसतीलच असं नाही. उन्हाळ्यात लांब बाह्यांचं पोलकं घालणं, पदर गालावर ओढून घेणं, केसांनी कपाळ झाकणं. एरवी नीट काम करणारीच्या हातून भांडी पडणं, शिवण चुकणं, हिशेब चुकणं. वारंवार उचल मागणं. काम संपलं तरी घरी जायला पाय न निघणं. कामावर असताना नवऱ्याचे दहादा फोन येणं, किंवा नेमका पगाराच्या दिवशी तो फाटकाशी येऊन उभा राहणं. यातली एकच गोष्ट दिसली तर तिची कारणं दुसरीही असू शकतात. दोन-तीन एकत्र दिसल्या, तर मात्र खाड्याची फुली मारण्याआधी विचारा.

विचारावं कसं?

एकटीला विचारा. घरात सासूबाई, पाहुणे, भिशीच्या मैत्रिणी असताना मुळीच नको. चुलीशी-ओट्याशी दोघीच असाल तेव्हा, हातातलं काम बाजूला ठेवून, साध्या शब्दांत विचारा: "घरी कुणी त्रास देतं का गं?" मोठी असेल तर, "मावशी, घरी सगळं ठीक आहे ना? कुणी हात उचलतं का?"

ती बहुधा "नाही" म्हणेल. म्हणू दे! उलटतपासणी घेऊ नका. "बरं. कधी वाटलं तर सांग. माझ्याकडून कुणाला कळणार नाही, आणि तुझं कामही जाणार नाही." एवढी दोन वाक्यं बोलून ठेवा. आज ना उद्या ती परत येईल, कारण दार उघडं आहे हे तिला कळलेलं असेल.

झरी जामणीसारख्या भागात हा धीर धरणं फार जरुरीचं. या तालुक्याचं नाव वर्तमानपत्रांत गाजलं ते कुमारी मातांमुळे. बाहेरून आलेल्या ठेकेदार-व्यापाऱ्यांनी लग्नाच्या भूलथापा देऊन आदिवासी मुलींना फसवलं आणि पदरात मूल टाकून ते निघून गेले. अशा मुलखात बाईमाणसाने मालक लोकांच्या गोड बोलण्यावर एका दिवसात विश्वास का ठेवावा? शिवाय तिच्या घरची बोली गोंडी नाहीतर कोलामी असते. मनातलं दुःख मराठीत सांगायलाही तिला वेळ लागतो.

या चुका टाळा

आपण चांगल्या मनाने काही गोष्टी करतो आणि त्या तिच्याच अंगाशी येतात.

नवऱ्याला बोलावून दम देऊ नका. तो तुमच्यापुढे मान खाली घालील, "चुकलं वैनी" म्हणेल, आणि रात्री "बाहेर सांगतेस काय?" म्हणून तिला दुप्पट मारील.

"थोडं सांभाळून घे," "तूच उलट बोलली असशील," "सगळ्यांच्या घरी असंच असतं," ही वाक्यं तोंडातून येऊ देऊ नका. तिने ती हजारदा ऐकलेली असतात.

"सोडून दे त्याला आजच!" असाही आग्रह नको. घर सोडण्याची वेळ ही बऱ्याचदा सर्वांत धोक्याची असते. कधी, कुठे, कुणाबरोबर जायचं, हे तिचं तिने ठरवायचं.

"दारूमुळे होतं हो" म्हणून मोकळ्या होऊ नका. दारूने मार वाढतो यात शंका नाही. पण पिऊनही बायकोवर हात न टाकणारे असतात, आणि थेंब न घेता मारणारेही. पिऊन आलेला माणूस सरपंचाला मारत नाही, बायकोलाच मारतो, हे ध्यानात ठेवा.

आणि तिची गोष्ट शेजारी चघळू नका. लहान गावात बातमी संध्याकाळपर्यंत नवऱ्याच्या कानी जाते.

मग करावं काय?

१. काम काढू नका. ही पहिली आणि सर्वांत मोठी मदत. खाडे होतील, काम अधूनमधून रखडेल. दोन-चार महिने तेवढं सोसा. कामाच्या वेळा बदलून हव्या असतील तर बदलून द्या.

२. पगार तिच्याच हातात द्या. नवरा फाटकाशी आला तर "हिशेब तिच्याशीच होतो" असं शांतपणे सांगा. खात्यात भरत असाल, तर पासबुक आणि कार्ड कुणाजवळ असतं ते विचारा. नवऱ्याजवळ असेल तर तिच्या एकटीच्या नावाने दुसरं खातं उघडायला सोबत जा. थोडी रक्कम तुमच्याकडे साठवायची असेल तर ठेवा, पण वहीत तारखेसह लिहून, तिला दाखवून.

३. कागद जपा. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे दाखले, दवाखान्याचे कागद यांच्या नकला तुमच्या कपाटात राहू द्या. एखादा लुगड्याचा-कपड्यांचा जोडही. रात्रीअपरात्री बाहेर पडावं लागलं तर तिचा जीव अडकणार नाही.

४. फोन करू द्या. तिचा फोन नवरा तपासत असेल. महिला हेल्पलाइन १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे दोन आकडे तिला पाठ करायला लावा. आणि हे फोन तुमच्या घरून करू द्या.

५. लागलं असेल तर सरकारी दवाखान्यात पाठवा आणि त्या दिवसाचे पैसे कापू नका. "पडले" असं न सांगता खरं कारण डॉक्टरला सांगायला तिला धीर द्या. तो कागद पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

६. आणि ते कॅलेंडर! खाड्याची फुली मारताना एका वहीत दोन ओळी लिहून ठेवा: अमुक तारखेला आली नाही, तमुक तारखेला डावा डोळा सुजलेला होता, असं म्हणाली. वही भिंतीवर टांगू नका, कपाटात ठेवा. उद्या ती न्यायालयात गेली आणि तुम्हाला साक्षीला बोलावलं, तर स्मरणापेक्षा ही वही कामाची. एरवी पगार कापायला वापरतो तो हिशेब एकदा तिच्या बाजूने वापरून बघा.

७. तो दाराशी येऊन आरडाओरडा करू लागला, तर दार उघडू नका, ती कुठे आहे ते सांगू नका, ११२ ला फोन करा.

कायदा काय सांगतो?

"दुसऱ्याच्या संसारात आपण कशाला पडायचं? उद्या आपल्यावरच शेकलं तर?" हा प्रश्न तुमच्या ओठांवर आला असेल. त्याचं उत्तर कायद्यातच आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा अधिनियम २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे, एखाद्या घरी अशी हिंसा होते आहे किंवा होण्याचा संभव आहे असं ज्याला सकारण वाटतं, अशी कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कोणतीही जबाबदारी येत नाही. म्हणजे तुम्हाला कायद्याचं पाठबळ आहे. फक्त, जीवावर बेतण्यासारखा प्रसंग नसेल तर आधी तिला विचारा आणि मगच कळवा.

या कायद्यात हिंसा म्हणजे केवळ मार नव्हे. शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती, आर्थिक कोंडीही त्यात येते. बाईला कामावर जाऊ न देणं, तिच्या कामात अडथळा आणणं, तिची मजुरी हिसकावून घेणं, हाही छळच धरला आहे. फिर्याद बायकोच करू शकते असं नाही. घरातली आई, बहीण, मुलगी यांनाही हक्क आहे.

न्यायदंडाधिकारी संरक्षणाचा आदेश देतात तेव्हा, बाईच्या कामाच्या ठिकाणी पाऊल टाकायचं नाही, अशी मनाई त्या माणसाला करू शकतात. मुलांच्या शाळेलाही तशी मनाई घालता येते. तुमचं घर, दुकान, शेत हे तिचं कामाचं ठिकाण. असा आदेश झाला असेल तर त्याची प्रत तिच्याकडून मागून ठेवा. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

वकिलाची फी कुठून आणायची? १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. पोलीस ठाण्यात गेलं तर तिथल्या अधिकाऱ्याने तिला या सगळ्या हक्कांची माहिती द्यावी, असं कायदाच सांगतो. पूर्वीचं भारतीय दंड संहितेतलं ४९८-अ कलम तुम्ही ऐकलं असेल; १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या कलमांत आलं आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' केंद्र असतं. तिथे तात्पुरता आसरा, दवाखाना आणि कायद्याचा सल्ला यांची सोय एकाच छताखाली होते. पण झरीहून यवतमाळ गाठायचं म्हणजे पांढरकवडा ओलांडून जावं लागतं. एकटीला, दोन लेकरं घेऊन, तिकिटाचे पैसे जुळवून! तिथे सोबत जाणं किंवा निदान एस. टी. चं भाडं हातावर ठेवणं, हे आपल्याला जमण्यासारखं आहे.

मारणाराही कुणाचा तरी नोकर असतो

ही बाजू आपण विसरतो. विदर्भात पाडव्याला सालगडी ठरतो. तुमच्या शेतावरचा सालगडी बायकोला मारत असेल तर? त्याला दम देऊन भागत नाही, हे वर आलंच. पण उचल देताना तुम्ही डोळे उघडे ठेवू शकता. रोख उचल थेट भट्टीवर जाणार असेल, तर घरातलं धान्य, मुलांची फी, औषध यांचे पैसे परस्पर भरता येतात. आणि नवरा-बायको जोडीने कामाला असतील तर दोघांची मजुरी त्याच्या एकट्याच्या हातात देण्याची पद्धत आजच बंद करा. वेचणी तिची, तर मजुरी तिची! सगळ्याच बायांची मजुरी ज्यांची त्यांना दिली, की कुणा एकीवर बोटही येत नाही.

कायदाही मालकाला इथे गुंतवतो. न्यायालयाने ठरवलेली रक्कम नवऱ्याने दिली नाही, तर त्याच्या मालकाने त्याच्या पगारातला काही भाग थेट त्या बाईला द्यावा किंवा न्यायालयात भरावा, असा हुकूम न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. असा कागद हाती आला तर "आमच्या माणसाचा प्रश्न आहे" म्हणून टाळू नका.

नोकरी करणाऱ्या मैत्रिणींना

तुमच्यातल्या कुणी मुख्याध्यापिका असाल, बँकेत अधिकारी असाल, कुणाचे यजमान कारखान्यात वरच्या जागी असतील. २०१३ चा कायदा आणि त्याखालच्या समित्या तुम्हाला माहीत असतील. पण तो कायदा कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाचा आहे. घरून मार खाऊन कामावर येणारीसाठी काय?

जगात काही ठिकाणी याची सोय झाली आहे. फिलिपिन्सने २००४ च्या कायद्यात अशा स्त्रीला दहा दिवसांची भरपगारी रजा दिली. न्यूझीलंडने २०१८ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २०२२ मध्ये दहा दिवसांच्या पगारी रजेचे कायदे केले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या करारानेही घरातल्या हिंसेचा कामावर होणारा परिणाम मालकांनी आणि सरकारांनी ध्यानात घ्यावा, असं म्हटलं आहे. आपल्याकडे अशी वेगळी रजा देणारा कायदा नाही. पण रजा मंजूर करणारी सही तुमची असेल, तर कारण न खोदता ती मंजूर करणं तुमच्या हातात आहे. बायकांच्या स्वच्छतागृहात १८१ चा आकडा लिहिलेला कागद लावा. कुणाशी बोलायचं ते एक नाव सर्वांना माहीत असू द्या. पहारेकऱ्याला सूचना द्या, फोनवर तिच्या वेळा कुणाला सांगू नका, हवी असल्यास पाळी किंवा जागा बदलून द्या. या कशालाच मोठा खर्च नाही.

शेवटी एक

हे वाचताना तुमच्यातल्याच एखादीचा हात आपल्या दंडावरच्या वळाकडे गेला असेल. चांगल्या घरात, पितळी नावाच्या पाटीमागेही हे चालतं. बाई, वर लिहिलेलं सगळं तुझ्यासाठीही आहे. कागदांच्या नकला, स्वतःचं खातं, १८१ चा आकडा, आणि विश्वासाचं एक माणूस. कदाचित ते माणूस तुझी कामवालीच असेल. तिने तुझा वळ केव्हाच ओळखलेला असतो.

आणि बाकीच्या मैत्रिणींनो, उद्या सकाळी बाई आली नाही, तर कॅलेंडरवर फुली जरूर मारा. पण परवा ती आली, की हातातलं काम बाजूला ठेवा, तिला घोटभर चहा द्या आणि खाडा का पडला ते विचारा. तिने "एक महिना थांबा" म्हटलं, तर थांबा. मी थांबले नव्हते.